सेवण : वाळवंटातील एक चिवट गवत

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंट उभे राहतात. गवत कोणाच्या मनातही येत नाही. परंतु राजस्थानातील जैसलमेर-बिकानेर भागात सेवण नावाचे बहुवर्षायू गवत उगवते. वर्षाकाठी २५० मिलिमीटरहून कमी पाऊस त्याला पुरतो. त्याची मुळे वाळूत खोल जातात. उन्हाळ्यात पाती वाळली तरी बुंधा जिवंत राहतो आणि पावसाची सर येताच त्याला नवे कोंब फुटतात. त्याचा ठोंब अनेक वर्षे जगतो, उडती वाळू धरून ठेवतो. थारपारकर जातीच्या गाई आणि मेंढ्या याच चाऱ्यावर पोसल्या जातात. राजस्थानचा राज्यपक्षी गोडावण, म्हणजे आपल्या सोलापूरकडचा माळढोक, अशाच गवताळ माळावर जमिनीवर अंडे घालतो.

इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पोहोचले तशी सेवणाची पुष्कळ कुरणे नांगराखाली गेली. शेती झाली याचा आनंदच आहे. मला सलतो तो ‘पडीक’ हा शब्द. सरकारी नकाशांत अशा कुरणांची गणना अनेकदा पडीक जमिनीत होते आणि मग ती मोडताना कोणाला काही गमावल्यासारखे वाटत नाही. जी भूमी गुरांना चारा, पक्ष्यांना आसरा देते आणि वाळूला आवर घालते, ती पडीक कशी? आपल्याकडील माळरानांकडेही, मित्रहो, याच दृष्टीने एकदा पाहावयास हवे.