क्षणाचाही सूक्ष्मांश टिपणाऱ्या नलिका

सजीवांच्या पेशींतील रासायनिक घडामोडी विकरांमुळे, म्हणजेच एन्झाइमांमुळे, घडून येतात. तांबड्या रक्तपेशींतील कार्बोनिक अनहायड्रेज या विकराचा एक रेणू सेकंदाला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १० लाख रेणूंचे बायकार्बोनेटमध्ये रूपांतर करू शकतो. अशा क्रियेचे टप्पे पाहावयाचे, तर क्रिया फारशी पुढे सरकण्यापूर्वीच दोन्ही द्रावणे एकजीव झाली पाहिजेत. खरी अडचण आहे ती येथेच.

१९२३ मध्ये केंब्रिज येथे हार्टरिज व रफटन यांनी दोन द्रावणे जोराने एकत्र आणून नळीतून वाहू दिली आणि हिमोग्लोबिनची क्रिया अभ्यासली. नळीतील अंतर हेच त्यांचे घड्याळ होते. मात्र त्यासाठी द्रावणे मोठ्या प्रमाणात लागत. पुढे प्रवाह एकाएकी थांबवून निरीक्षण करण्याची पद्धत रूढ झाली. परंतु तिच्यातही पहिला सुमारे एक मिलिसेकंद हातचा निसटतोच.

अंतर घटले, वेळ वाचला

केसाएवढ्या किंवा त्याहूनही अरुंद नलिकांत द्रव सहसा खळबळत नाही. प्रवाह एकमेकांना लागून संथपणे वाहतात. त्यामुळे मिश्रण होते ते रेणूंच्या विसरणाने. विसरणास लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अंतर दहापट कमी केले, की वेळ शंभरपट घटतो. लहान रेणूस १०० मायक्रोन पसरण्यास काही सेकंद लागतात; एक मायक्रोनसाठी मात्र मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ पुरतो.

याच तत्त्वावर १९९८ मध्ये प्रिन्स्टन येथील संशोधकांनी सिलिकॉनच्या चकतीवर नलिका कोरल्या. मधल्या प्रवाहास दोन्ही बाजूंच्या प्रवाहांनी दाबून त्याची धार मायक्रोनच्या दशांशाहूनही बारीक केली. तेव्हा मिश्रण १० मायक्रोसेकंदांच्या आत घडून आले. शिकागो येथे २००३ मध्ये दुसरा मार्ग अवलंबिण्यात आला. तेलात तरंगणारे सूक्ष्म थेंब नागमोडी नलिकांतून नेले असता त्यांतील द्रव घुसळला जातो. या रीतीने रिबोन्यूक्लिएज या विकराच्या क्रियेचा वेग अत्यल्प द्रावणात मोजता आला.

क्षयरोगाशी संबंध

या संशोधनाचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते मर्यादित नाही. क्षयाच्या जंतूंजवळ बीटा-लॅक्टमेज हे विकर असते. पेनिसिलिनच्या वर्गातील औषधे ते निकामी करते. या विकराचे अतिसूक्ष्म स्फटिक सेफ्ट्रिअॅक्झोन या प्रतिजैविकाशी बारीक नळीत मिसळून लगेच क्ष-किरणांच्या झोतात सोडण्याचे प्रयोग कॅलिफोर्नियात झाले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मिश्रणानंतर ३० मिलिसेकंदांपासून दोन सेकंदांपर्यंतची चित्रे मिळाली. औषध विकरात कसे शिरते आणि तेथे त्याची मोडतोड कशी होते, याचा क्रम त्यांतून उलगडू लागला.

जंतू औषधाला निष्प्रभ करतो तो नेमका कोणत्या क्षणी, हे एकदा समजले म्हणजे त्या क्षणीच त्याला अडविणारे औषध शोधण्याचा मार्ग अधिक स्पष्ट होतो. केसाएवढ्या नलिकांचे मोल यातच आहे.