खानदेशातील व्यापारी इमारतींवरील सौरऊर्जा प्रकल्प

व्यापारी इमारतींवरील सौरऊर्जा प्रकल्प म्हणजे दुकाने, व्यापारी संकुले, हॉटेले, गोदामे व कार्यालये यांच्या छतावर सौर पॅनेल बसवून वीजनिर्मिती करणारी आणि वीजजाळ्याशी जोडलेली यंत्रणा होय. खानदेशातील जळगाव व धुळे या जिल्ह्यांत वीजवितरणाचे काम महावितरणच्या जळगाव परिमंडलाकडे आहे. तापी खोऱ्यातील या प्रदेशात भरपूर ऊन मिळते. मात्र प्रकल्पाच्या लाभाच्या दृष्टीने उन्हाइतकेच महत्त्व इमारतीत वीज कोणत्या वेळी वापरली जाते याला असते.

पार्श्वभूमी

खानदेशात सौरऊर्जेची सुरुवात मोठ्या प्रमाणावर झाली ती जमिनीवरील प्रकल्पांनी. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. अशा प्रकल्पांना विस्तीर्ण जमीन लागते आणि भूसंपादनाचा प्रश्न उभा राहतो. शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथे वीज प्रकल्पासाठी संपादित जमिनीचा मोबदला अपुरा असल्याची तक्रार करणारे शेतकरी धर्मा पाटील यांनी जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत मंत्रालयात आत्महत्येचा प्रयत्न केला. उपचार सुरू असताना त्यांचे निधन झाले. या घटनेनंतर प्रकल्पांसाठीच्या भूसंपादनाचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. छतावरील प्रकल्पाला वेगळी जमीन लागत नाही आणि वीज वापराच्या ठिकाणीच तयार होते.

रचना आणि कार्य

पॅनेलमध्ये तयार होणारी वीज एकदिश असते. इन्व्हर्टर तिचे प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करून ती इमारतीच्या वायरिंगला पुरवतो. त्या क्षणी गरजेपेक्षा जास्त असलेली वीज जाळ्यात जाते व द्विमार्गी मीटरवर तिची नोंद होते. एक किलोवॉट क्षमतेसाठी सपाट छतावर साधारण १० चौरस मीटर सावलीविरहित जागा धरतात. महाराष्ट्रात एवढ्या क्षमतेपासून वर्षाला सरासरी १,४०० ते १,५०० युनिट वीज मिळते. त्यानुसार ५० किलोवॉटच्या प्रकल्पाला सुमारे ५०० चौरस मीटर छत लागते आणि वर्षाला ७० ते ७५ हजार युनिट निर्मिती होते.

बॅटरी नसलेला असा प्रकल्प वीजपुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडतो. जाळ्यावर दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी ही व्यवस्था असते. त्यामुळे भारनियमनावरील उपाय म्हणून केवळ पॅनेल बसवणे पुरेसे ठरत नाही.

हवामानाचा परिणाम

पॅनेलची नाममात्र क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला निर्मिती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. जळगाव, भुसावळ व धुळे परिसरात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. अशा वेळी पॅनेलमधील घटांचे तापमान ६५ अंशांपर्यंत किंवा त्याहून अधिक चढते आणि दुपारची निर्मिती सुमारे १४ टक्क्यांनी कमी होऊ शकते. यासाठी पॅनेल व छत यांमध्ये हवा खेळती राहील एवढे अंतर ठेवतात.

धूळ हा दुसरा घटक आहे. सरकी काढण्याच्या जिनिंग कारखान्यांजवळ कापसाचे तंतू, तर डाळ मिलजवळ भुसा पॅनेलवर साचतो. धुण्यासाठी बोअरवेलचे जड पाणी वापरल्यास काचेवर क्षारांचा थर बसतो. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकणे धोक्याचे असल्याने धुण्याचे काम सकाळी लवकर करतात.

छत आणि उभारणी

पॅनेल दक्षिणाभिमुख बसवतात. जळगाव व धुळे सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने त्यांचा कलही साधारण तेवढाच ठेवतात. वळवाच्या वादळांत पॅनेलखाली शिरलेला वारा सांगाडा उचलू शकतो; म्हणून सांगाड्याचा आराखडा भारतीय मानक ८७५ च्या वाऱ्याच्या भाराविषयीच्या तिसऱ्या भागानुसार करणे अपेक्षित असते. जुन्या इमारतींच्या स्लॅबची व गोदामांच्या पत्र्यांची ताकद आधी तपासावी लागते. सिमेंटचे पत्रे ठिसूळ असल्याने त्यांवर थेट भार देणे टाळतात.

अनेक गाळेधारकांच्या संकुलात छत समाईक आणि मीटर स्वतंत्र असतात. तेथे छताच्या वापराबाबत सर्वांची लेखी संमती हा तांत्रिक बाबींइतकाच महत्त्वाचा टप्पा ठरतो.

नेट मीटरिंग आणि वीजदर

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने छतावरील प्रकल्पांच्या नेट मीटरिंगसाठी २०१५ मध्ये व त्यानंतर २०१९ मध्ये विनियम केले. ग्राहकाने जाळ्यात दिलेली युनिटे त्याने घेतलेल्या युनिटांतून वजा होतात. वेळेनुसार दर लागू असलेल्या ग्राहकाची शिल्लक वीज मात्र कमी मागणीच्या काळात तयार झाली असे २०१९ च्या विनियमांत धरले आहे. म्हणजेच दुपारची शिल्लक संध्याकाळच्या महाग युनिटांची पूर्ण भरपाई करत नाही.

केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमदुरुस्तीनुसार सौर तासांतील वीजदर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी आणि वाणिज्यिक व औद्योगिक ग्राहकांसाठी कमाल मागणीच्या काळातील दर सामान्य दराच्या किमान १.२ पट असावा, असे ठरले. दिवसाची वीज स्वस्त झाली की छतावरच्या प्रत्येक युनिटामागील बचतही घटते. दिवसभर वातानुकूलन यंत्रे चालणाऱ्या कार्यालयाला प्रकल्पाची बरीच वीज थेट वापरता येते. मंगल कार्यालय किंवा सायंकाळी गर्दी होणारे दुकान यांना तसे जमत नाही. अशा ठिकाणी क्षमता लहान ठेवणे, शक्य तो वापर दुपारी वळवणे किंवा बॅटरीचा विचार करणे, हे पर्याय उरतात.

आर्थिक बाजू

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेतील अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. दुकाने व खासगी कार्यालये त्यात येत नाहीत. घरगुती ग्राहकांना न मिळणारी सवलत व्यावसायिकांना प्राप्तिकरात मिळते. सौर यंत्रणेवर वार्षिक ४० टक्के दराने घसारा घेता येतो. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी असल्यास तो निम्मा होतो. सौर पॅनेलवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला.

स्वतः गुंतवणूक न करता त्रयस्थ कंपनीला छत देऊन तिच्याकडून ठरलेल्या दराने वीज घेण्याची पद्धतही प्रचलित आहे. असे करार अनेक वर्षांचे असतात. भाड्याच्या जागेत व्यवसाय असल्यास भाडेकराराची मुदत त्याहून कमी नाही ना, हे पाहावे लागते. परतफेडीचा हिशेब मांडताना वार्षिक सरासरी बिलापेक्षा तासागणिक वापराची नोंद अधिक उपयोगी पडते.