न सुटणारा नट

आमच्या दारव्ह्यात मोटारसायकल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शेतावर, बाजारात, दवाखान्यात तिच्यावरच जायचे. त्यामुळे तिचा एक नट अडला, की माणसाचा दिवस अडतो. माझा असाच एक दिवस अडला होता.

आईला डोळे तपासायला यवतमाळला न्यायचे होते. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. निघताना पाहतो तर मागचे चाक पंक्चर. म्हटले, चाक आपणच काढू. एक्सलचा नट गंजला होता. मी फिक्स पाना लावून सगळा जोर टाकला. पाना सटकला, नटाचे दोन कोपरे झिजले आणि माझी बोटे सोलली. आई पिशवी मांडीवर घेऊन ओसरीवर बसलेली. शेवटी ती धाकट्या भावाबरोबर एसटीने गेली.

मग गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी आधी नट पाहिला, मग माझी बोटे. म्हणाले, "गुरुजी, नटावर राग काढू नका. त्याले तेल पाजा अन् गप बसा."

या बोलण्यात शास्त्र आहे. नट आवळताना लावलेल्या जोराचा साधारण नव्वद टक्के भाग घर्षणातच खर्च होतो. त्यात गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आट्यांच्या फटीत पाचरीसारखा बसतो. गंज सोडवणारे पातळ तेल त्या फटीत झिरपते; पण त्याला वेळ लागतो. अर्धा तास तरी द्यावा, रात्रभर मिळाला तर उत्तम.

मिस्त्रींचा क्रम असा होता. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घेतली. तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ केले, तेल सोडले, नटावर हातोडीने हलके ठोके दिले. ठोक्यांनी गंजाची पकड मोडते. मग सहा कोपऱ्यांचा बॉक्स पाना पूर्ण बसवला. फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. हा सगळीकडून धरतो. एक्सलचे दुसरे टोक दुसऱ्या पान्याने धरले. आधी नट किंचित आवळल्यासारखा केला, मग घड्याळाच्या उलट दिशेने झटका दिला.

तरीही हलेना. तेव्हा दांड्यात पाईप घातला. एक फुटाचा दांडा दोन फुटांचा झाला, की तेवढ्याच ताकदीत फिरवण्याचा जोर दुप्पट होतो. मात्र याच जोराने एक्सलचे आटेही तुटू शकतात, म्हणून हात सांभाळून लावायचा. एक बारीक 'कट्' झाले आणि नट सुटला.

काही जण नट तापवतात. चौदा मिलिमीटर व्यासाचे भोक दोनशे अंशांनी तापले, तर जेमतेम तीन शतांश मिलिमीटर मोठे होते; पण तेवढ्याने पकड सुटते. मात्र टायर, पेट्रोलची टाकी आणि नुकतेच सोडलेले तेल जवळ असताना घरी ज्योत लावू नये. ते काम गॅरेजचे. काहीच चालले नाही, तर छन्नीने नट फोडतात. नटाला पैसे थोडे लागतात, एक्सलला जास्त.

बसवताना कोपरे झिजलेला नट पुन्हा वापरू नये. एक्सलच्या दांड्याला ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिला आहे तेवढाच नट आवळावा. सैल राहिला तर चाकाला धोका, अति आवळला तर पुढच्या पंक्चरला पुन्हा हीच कथा.

आमच्या गावावरून पूर्वी जाणाऱ्या 'शकुंतला' गाडीचे १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. वेळेवर तेल मिळाले, की लोखंड माणसाला साथ देते.

संध्याकाळी आई परतली. माझ्या बोटांवरची पट्टी पाहून म्हणाली, "डोळे माझे तपासले, पण घाई तुला दिसत नव्हती." तेव्हापासून पावसाळ्याआधी मी त्या नटाला तेल देतो.