पंचाहत्तर सेंटांची तफावत

घुसखोराने जाताना संगणकातील साऱ्या नोंदी पुसून टाकल्या, तर तो आला होता हे कळावयाचे कसे, असे एका वाचकाने विचारले आहे. हा प्रश्न वाचताच मला कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आठवली. १९८६ च्या ऑगस्टमध्ये, संशोधनाचे अनुदान संपल्यामुळे तेथील संगणकविभागात नुकतेच रुजू झालेले खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉल यांच्याकडे, यंत्राच्या वापराची आकारणी करणाऱ्या दोन स्वतंत्र हिशेबांत पडलेली अवघ्या ७५ सेंटांची तफावत शोधण्याचे काम आले. 'हंटर' या नावाचा एक इसम एका दप्तरात होता आणि दुसऱ्यात त्याचे खातेच नव्हते. पाहुणा अदृश्य असेल, पण यंत्राचे काही क्षण त्याने खर्चिले होते, आणि खर्चाला कीर्द असते!

या घुसखोराने सोव्हिएत संघासाठी केलेल्या हेरगिरीचेच वर्णन बहुधा रंगवून केले जाते. मला मात्र त्यातील एका अक्षराचे अधिक अप्रूप वाटते. चालू कामांची यादी मागताना हा घुसखोर आज्ञेत 'एफ' हे अक्षर घाली. युनिक्स या संगणकप्रणालीच्या बर्कली आवृत्तीत त्या अक्षराला काही प्रयोजन नव्हते. एटी अँड टीच्या युनिक्सवर ज्याचा हात बसला आहे, त्याचीच ती सवय. वळण बदलून लिहिणाऱ्याचेही एखादे वेलांटीचे टोक त्याला उघडे पाडते, तसाच हा प्रकार. व्यवस्थापकांपैकी कोणी हजर आहे काय, हेही तो आत येताच पाहत असे. परंतु स्टॉल यांनी बाहेरून येणाऱ्या तारांनाच मुद्रकयंत्रे जोडलेली असल्यामुळे त्याची ती सावधगिरीसुद्धा कागदावर अक्षरशः उमटत होती.

माग जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत गेला. पण तेथील जुन्या टेलिफोन केंद्रात जोडणी एकेका स्विचवरून हातानेच शोधावी लागे, आणि घुसखोर तेवढा वेळ थांबत नसे. तेव्हा स्टॉल यांच्या, कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या सहचारिणीने एक युक्ती सुचविली, जिचे श्रेय तिला क्वचितच मिळते: अमेरिकेच्या अंतराळ-संरक्षण योजनेविषयीचे बनावट, लांबलचक कागद रचून त्याच्या वाटेत ठेवावेत. १९८७ च्या जानेवारीत तो ते तासाहून अधिक वेळ वाचीत राहिला, आणि तेवढ्या अवधीत तंत्रज्ञ त्या घुसखोराच्या, म्हणजे मार्कुस हेसच्या, टेलिफोनपर्यंत पोहोचले.