राक्षस मारणाऱ्याचं घर

मूळ व्हिडिओ गेम संपल्यावर वेगळे पैसे मोजून घ्यायचा जोड-भाग म्हणजे एक्सपान्शन. बहुतेकदा त्यात तेच ते थोडं जास्त मिळतं. 'द विचर ३'च्या 'ब्लड अँड वाइन'नं मात्र २०१६ मध्ये या प्रकाराची इयत्ताच बदलली.

पाठीवर दोन तलवारी, पांढरे केस, चेहऱ्यावर जखमांचे व्रण. असा एक माणूस बँकेच्या खिडकीपाशी उभा आहे. त्याचे पैसे बँकेत आहेत, पण ते मिळत नाहीत. कारण बँकेच्या दप्तरी तो मयत आहे. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला ए-३८ नावाचा परवाना लागतो आणि तो परवाना नेहमी दुसऱ्याच खिडकीवर मिळतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभं राहिलेल्या कुणाही पेन्शनराला हे दृश्य ओळखीचं वाटेल.

हा प्रसंग 'द विचर ३: वाइल्ड हंट' या गेमच्या 'ब्लड अँड वाइन' या एक्सपान्शनमधला आहे. खिडकीपाशी उभा असलेला माणूस म्हणजे गेराल्ट. नेटफ्लिक्सवरच्या मालिकेमुळे तो आपल्याकडे गेम न खेळणाऱ्यांनाही माहीत झाला. पैसे घेऊन राक्षस मारायचे, हा त्याचा धंदा. ए-३८ परवाना ही १९७६च्या 'ॲस्टेरिक्स'च्या ॲनिमेशनपटाला दिलेली दाद आहे. तलवारबाजीसाठी प्रसिद्ध असलेल्या गेममध्ये तलवार उपसायची सोयच नसलेला असा प्रसंग सुचावा, आणि तो पैसे देऊन घेतलेल्या जोड-भागात टाकायचं धाडस व्हावं, यातच या निर्मितीचं वेगळेपण आहे.

घोड्याच्या चिलखतापासून

एक्सपान्शन ही कल्पना जुनी आहे. फ्लॉपी आणि सीडीच्या काळात एखादा गेम चांगला खपला, की कंपनी वर्षभरात त्याचा जोड-भाग काढायची: नवा प्रदेश, नवी शस्त्रं, काही तासांची नवी कथा. 'बाल्डर्स गेट'चा जोड-भाग १९९९ मध्ये आला, 'डियाब्लो २'चा २००१ मध्ये. ते खोक्यात, दुकानात मिळत. पुढे इंटरनेटवरून थेट विक्री सुरू झाली आणि वाटेल तेवढा छोटा तुकडा विकता येऊ लागला. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. त्या चिलखताची गेमर मंडळी आजही टर उडवतात. आपल्याच गेमचे तुकडे करून आपल्यालाच विकले जाताहेत, ही भावना तिथून रुजली.

पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीला ही चीड ठाऊक होती. मूळ सीडी प्रोजेक्ट कंपनीचा जन्म १९९४ चा. सुरुवातीचा धंदा परदेशी गेम पोलंडमध्ये विकण्याचा. गेम बनवायला लागल्यावर त्यांनी हात घातला तो आपल्याच भाषेतल्या लेखकाच्या, आंद्झेई सापकोव्स्की यांच्या, गेराल्टच्या कथांना. या मालिकेतली पहिली कथा १९८६ मध्ये एका पोलिश मासिकात छापून आली होती. पहिला 'विचर' गेम २००७ मध्ये आला, तिसरा मे २०१५ मध्ये. तिसऱ्यासोबत कंपनीनं १६ छोटे जोड-भाग फुकट वाटले आणि पैसे घेतले ते फक्त दोन मोठ्यांचे: ऑक्टोबर २०१५ मधला 'हार्ट्स ऑफ स्टोन' ९.९९ डॉलरला आणि ३१ मे २०१६ चा 'ब्लड अँड वाइन' १९.९९ डॉलरला. पहिला सुमारे १० तासांचा, दुसरा २० तासांचा, असं कंपनीनं आधीच सांगून टाकलं होतं.

आधी सैतान

'हार्ट्स ऑफ स्टोन'ला बाजूला ठेवून मोठ्या भावाचं कौतुक करता येत नाही. सैतानाशी करार करून शेवटी चंद्रावर अडकलेल्या पान त्वार्दोव्स्की या उमरावाची लोककथा पोलंडमध्ये घरोघरी माहीत आहे. इथे तो उमराव ओल्गिएर्ड नावानं येतो. आपल्या इच्छा पुऱ्या करून घेताना त्यानं माणूसपणच गमावलेलं आहे. काळीज दगड झालंय. करार करणारा आहे गाँटर ओडिम, आरसे विकत हिंडणारा एक साधा, टकला, हसतमुख माणूस. मूळ गेमच्या पहिल्याच तासात खानावळीत भेटणारा जो फुटकळ प्रवासी असतो, तोच हा. शेकडो तास खेळलेल्या गेमरनं ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं, तोच साक्षात संकट निघावा!

एका प्रसंगात खानावळीतला दारूडा गेराल्टचं आणि ओडिमचं बोलणं मध्येच तोडतो. ओडिम टाळी वाजवतो, काळ थांबतो. गाणारे, पिणारे जागच्या जागी थिजतात. ओडिम शांतपणे बोलणं पुरं करतो, लाकडी चमचा उचलतो आणि त्या दारूड्याच्या डोळ्यात खुपसतो. आवाज न चढवता दहशत कशी बसवावी, याचा हा वस्तुपाठ. नवा प्रदेश जवळपास नाही, नवी यंत्रणा थोडी. सगळी भिस्त लिखाणावर. ती भिस्त फळली, म्हणून पुढची उडी मोठी घेता आली.

ऊन पडलेला प्रदेश

मूळ गेममधला व्हेलेन हा प्रांत आठवा: युद्धानं नासलेली शेतं, दलदल, झाडांना लटकलेली प्रेतं, सतत भरून आलेलं आभाळ. 'ब्लड अँड वाइन' आपल्याला तिथून उचलून टूसाँच्या सरदारी राज्यात नेतं. द्राक्षमळे, सायप्रसची झाडं, टेकडीवरचा पांढरा राजवाडा, चकचकीत चिलखतांतले शूर सरदार. युद्ध इथवर पोचलेलं नाही. दक्षिण फ्रान्स आणि इटलीची चित्रं पाहिलेल्यांना हा मुलूख लगेच ओळखू येतो. शंभर तास चिखल तुडवल्यावर डोळ्यांवर येणारं ते ऊन हीच पहिली भेट आहे.

पण चित्रपुस्तकासारख्या या राज्यात कुणीतरी सरदारांचे खून पाडतंय. मान, शहाणपण, औदार्य, शौर्य आणि करुणा ही टूसाँच्या सरदारांची पाच व्रतं. मेलेल्या प्रत्येकानं त्यातल्या एकेकाशी बेइमानी केलेली असते आणि मारेकरी ते प्रेताच्या मांडणीतून जगाला दाखवत असतो. राज्यकर्ती अ‍ॅना हेन्रिएटा गेराल्टला बोलावून घेते. शोध लावता लावता कळतं, की खून करणारा पिशाच्च असला तरी सूत्रं दुसऱ्याच्या हाती आहेत. सूर्यग्रहणात जन्मली म्हणून लहानपणीच हाकलून दिलेली राज्यकर्तीची सख्खी बहीण सिॲना यात आहे. अपशकुनी ठरवलेल्या त्या मुलीला ज्या सरदारांनी वाटेत छळलं, त्यांचा हिशेब आता चुकता होतोय. पांढऱ्या राजवाड्याचा पाया कशावर उभा आहे, ते तेव्हा दिसतं.

एक वाट तर आणखी आत नेते. राजदरबारच्या जादूगारानं दोन बहिणींसाठी लहानपणी एक जादूचं गोष्टींचं पुस्तक बनवलेलं असतं. गेराल्टला त्या पुस्तकात शिरावं लागतं. वर्षानुवर्षं कुणी उघडलं नाही, म्हणून आतली पात्रं कुजलेली, चिडलेली. काडीपेट्या विकणारी गरीब मुलगी आता तंबाखू आणि नशेचा माल विकते. लांब केसांची राजकन्या मनोऱ्यात जिवंत उरलेली नाही. बालपण हिरावलेल्या मुलीच्या मनात काय शिल्लक राहिलं असेल, हे एकाही भाषणाशिवाय सांगितलंय. आणि गंमत अशी, की कथेच्या एका वळणावर तुम्ही दुसरा पर्याय निवडलात, तर हा अख्खा प्रदेश तुम्हाला दिसतच नाही. महिनोन्‌महिने खपून रंगवलेली गोष्ट काही खेळणाऱ्यांच्या वाट्याला येणारच नाही, हे मान्य करूनच ती केलेली आहे. निवड खरी असायची, तर तिची किंमतही खरी हवी.

चमच्यांची बाई

टूसाँमधल्या एका ओसाड वाड्यात शिरायचं कारण अगदी व्यवहारी असतं: एका काढ्यासाठी तिथल्या भुताची लाळ हवी असते. आत पाहावं तर भिंतींवर, जमिनीवर, टेबलावर चमचेच चमचे. मध्ये मोठी कढई. हे भूत चमचे गोळा करतं आणि त्याची भूक काही भागत नाही. वाड्यातले कागद वाचत गेलं, की उलगडा होतो. ही एकेकाळची घरंदाज मालकीण. दाराशी आलेल्या भुकेल्या भिकाऱ्याला तिनं हाकललं आणि त्याचा शाप भोवला.

आता गेराल्टसमोर दोन वाटा आहेत. तलवार काढा, लाळ घ्या, चालू पडा. कथा पुढे सरकतेच. नाहीतर शापाचे शब्द नीट समजून घ्या आणि उलगडायचा प्रयत्न करा. दुसऱ्या वाटेवर गेराल्ट त्या भुतासमोर टेबलाशी बसतो आणि तिच्याबरोबर जेवतो. तिनं जे नाकारलं होतं, तेच कुणीतरी तिला देतं. शाप सुटतो आणि चिंध्या पांघरलेली एक म्हातारी बाई समोर उरते. नाव मार्लीन. तुम्ही म्हणालात, तर ती तुमच्या घरी स्वयंपाकीण म्हणून राहायला येते.

तुमच्या घरी, हे महत्त्वाचं. कारण कामाच्या मोबदल्यात गेराल्टला कोर्व्हो बियांको नावाचा एक द्राक्षमळा आणि त्यातलं पडकं घर मिळालेलं असतं. दिवाणजीही असतो. मूळ गेममध्ये गेराल्ट फिरस्ता. रात्र खानावळीत नाहीतर झाडाखाली. राक्षस मारून साठलेले पैसे शेवटी शेवटी खर्चायचे कुठे, असा प्रश्न पडायचा. इथे ते दुरुस्तीला लागतात: तबेला, औषधी रोपांची बाग, प्रयोगशाळा, बरा पलंग. भिंतीवर चित्रं टांगता येतात, तलवारी मांडून ठेवता येतात. आपल्या पलंगावर झोपलं, की अंगात थोडं जास्त बळ येतं. पैसे, वस्तू, विश्रांती हे कुठल्याही रोल-प्लेइंग गेमचे रोजचे हिशेब. ते इथे एका उतारवयाकडे झुकलेल्या माणसाच्या गरजेशी जोडले गेलेत. ही सोय घाईघाईत विकत घ्यायची चैन वाटत नाही. 'घर करणं' म्हणजे काय, ते हाताला कळतं.

कुठे घसरतं

सगळंच साधलंय असं नाही. डेटलाफ हा मुख्य पिशाच्च फसवला गेलेला, हळवा प्राणी म्हणून उभा केलाय. तो संपूर्ण शहरावर तुटून पडतो, ते वळण घाईत आल्यासारखं वाटतं. त्याच्याशी शेवटची लढाई लांबते आणि कौशल्यापेक्षा चिकाटीची परीक्षा घेते. बहिणींमधला समेट घडवून आणायचा, तर काही धागे आधीच शोधून ठेवावे लागतात. ते राहिले तर शेवट शोकांत होतो आणि आपण कुठे चुकलो, हे नव्या खेळणाऱ्याला कळत नाही. शिवाय याच कंपनीचा 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये इतक्या कच्च्या अवस्थेत बाजारात आला, की सोनीनं तो आपल्या दुकानातून काही महिने काढून टाकला. त्यामुळे 'ब्लड अँड वाइन'वरून कंपनीची आरती ओवाळायचं कारण नाही. कौतुक करायचं ते या एका कामाचं.

त्या कामाला २०१६च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम रोल-प्लेइंग गेमचा पुरस्कार मिळाला. 'डार्क सोल्स ३'सारखे पूर्ण, स्वतंत्र गेम स्पर्धेत असताना एका जोड-भागानं बाजी मारली. त्यानंतर एक्सपान्शनकडे बघायची नजर बदलली. २०२३ मध्ये 'सायबरपंक'चा 'फँटम लिबर्टी' आला, २०२४ मध्ये 'एल्डन रिंग'चा 'शॅडो ऑफ द अर्डट्री'. दुसऱ्याला तर वर्षातल्या सर्वोत्तम गेमचं नामांकन मिळालं.

पण तास, प्रदेश, पुरस्कार यांच्या बेरजेत या जोड-भागाचं मोठेपण बसत नाही. तो मोठा ठरतो तो मूळ गेमनं न विचारलेला प्रश्न विचारतो म्हणून: आयुष्यभर दुसऱ्यांची संकटं निवारणाऱ्यानं स्वतःचं काय करायचं? शेवटच्या भागात गेराल्टच्या दाराशी पाहुणा येतो. तो कोण, हे मूळ गेममध्ये तुम्ही कुणाशी कसे वागलात त्यावर ठरतं; वर्षभरापूर्वी घेतलेल्या निर्णयाचं फळ असं अंगणात चालत येतं. त्याआधी जुना मित्र रेजिस याच्याशी शेकोटीजवळ गप्पा होतात. विश्रांतीचा विषय निघतो आणि गेराल्ट क्षणभर मान वळवून थेट पडद्याबाहेर, खेळणाऱ्याकडे बघतो. विश्रांती दोघांनीही कमावलेली असते.

ज्याला आता सुरुवात करायची असेल, त्यानं घाई करू नये. 'ब्लड अँड वाइन' मूळ गेम न खेळताही वेगळा सुरू करता येतो. पण व्हेलेनचा चिखल न तुडवता टूसाँचं ऊन पोचत नाही. मूळ गेम, मग 'हार्ट्स ऑफ स्टोन', मग हा, असा क्रम ठेवावा. चालू मालिका संपवायला कुणी तयार नसतं, मग ती दूरचित्रवाणीवरची असो, सिनेमाची असो की गेमची. जोवर खपतंय तोवर नायकाला दामटत राहायचं, हाच रिवाज. या गेमकर्त्यांनी २० तासांची कथा नायकाला घरी पोचवण्यासाठी वापरली. पुढच्या 'विचर'मध्ये गेराल्टऐवजी त्यानं मुलीसारखी वाढवलेली सिरी मुख्य भूमिकेत असेल, हे डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं. नायक बदलायला कुणाची हरकत नसते; आधीच्याला नीट निरोप दिलेला असला, की झालं.