अर्भकाच्या कारक विकासातील विलंब आणि भौतिकोपचार : उमरोळी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

अर्भकाच्या पहिल्या वर्षातील प्रगती मराठी कुटुंबात मान धरणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे व पाऊल टाकणे या क्रमाने मोजली जाते. शास्त्रीय परिभाषेत यालाच कारक विकास म्हणतात. एखादा टप्पा लांबला की 'याचे वडीलही उशिराच चालले' असा दिलासा घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळतो आणि तो पुष्कळदा खराही ठरतो. तथापि, हा दिलासा केव्हापर्यंत ग्राह्य धरावा आणि त्यानंतर पालघर व बोईसर यांच्यामधील उमरोळीसारख्या गावातील पालकांनी उपचारासाठी कोणता मार्ग धरावा, हे दोन प्रश्न शिल्लक राहतात.

विलंब कशास म्हणावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांच्या निरीक्षणावरून कारक टप्प्यांचे कालावधी प्रसिद्ध केले. त्यानुसार आधाराविना बसणे ३.८ ते ९.२ महिने, एकट्याने उभे राहणे ६.९ ते १६.९ महिने आणि एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिने या दरम्यान घडते. एवढा मोठा पल्ला स्वाभाविक असल्याने शेजारच्या मुलाशी केलेली तुलना निरुपयोगी ठरते. याच निरीक्षणात सुमारे ४ टक्के मुले हातापायांवर रांगल्याविनाच चालू लागली; केवळ न रांगणे हा दोष नव्हे. मुदतपूर्व जन्मलेल्या मुलाचे वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे लागते. दोन महिने आधी जन्मलेले आठ महिन्यांचे बाळ कारक विकासाच्या दृष्टीने सहा महिन्यांचेच होय.

काही लक्षणांच्या बाबतीत मात्र वाट पाहणे हितावह नाही. चार महिन्यांनंतरही मान न सावरणे, अंग अतिशय सैल किंवा ताठ असणे, वर्षाच्या आतच सतत एकच हात वापरणे, दीड वर्षापर्यंत न चालणे ही अशी लक्षणे होत. आलेले कौशल्य हरपणे हे त्यांतील सर्वांत गंभीर होय. जन्मतः न रडलेले, अतिदक्षता कक्षात राहिलेले वा तीव्र कावीळ झालेले बाळ लक्षणे दिसण्यापूर्वीच देखरेखीखाली असावे.

तपासणीची व्यवस्था

जन्मजात व्यंग, कमतरता, आजार व विकासातील विलंब यांचा ० ते १८ वर्षे वयोगटात शोध घेणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथेच देशपातळीवर सुरू झाला. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते; स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. या कार्यक्रमात फिरते आरोग्य पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते व आवश्यकतेनुसार पुढील उपचारासाठी पाठवते. शालेय वयात सहा महिन्यांचे अंतर क्षुल्लक असेल; अर्भकाच्या बाबतीत तेच अंतर मान धरण्यापासून बसण्यापर्यंतचे असते. २०१८ पासून आशा कार्यकर्तीच्या ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यातील गृहभेटी योजण्यात आल्या, त्यांचे मोल यामुळेच अधिक आहे. पालकांनी पथकाची वाट न पाहता शंका येताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणे इष्ट होय.

भौतिकोपचाराचे स्वरूप

भौतिकोपचार म्हणजे मालीश, असा समज सार्वत्रिक आहे. तेल लावणे बाळाला सुखावह असते, परंतु त्याने स्नायूंवरील नियंत्रण येत नाही. हातपाय दुसऱ्याने हलवून दिल्यानेही विशेष लाभ होत नाही. मेंदू शिकतो तो बाळाने स्वतः, हेतुपूर्वक व वारंवार केलेल्या हालचालीतून. म्हणून उपचारक बाळाला पालथे ठेवून समोर खुळखुळा धरतो, एका बाजूस कलल्यावर स्वतःस सावरू देतो, उभे राहून खेळणे घेण्यास उद्युक्त करतो. आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या अर्ध्या-पाऊण तासात हे साधणार नाही. त्या वेळेचा खरा उपयोग आईवडिलांना शिकवण्यासाठी असतो. कडेवर कसे घ्यावे, लंगोट बदलताना कुशीवर कसे वळवावे, जागेपणी किती वेळ पालथे ठेवावे, हाच घरचा अभ्यास. झोपवताना मात्र बाळ उताणेच असावे.

येथे पांगुळगाड्याचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. लाकडी पांगुळगाडा उभे राहू शकणारे मूल स्वतः ढकलते. बाजारातील चाकांचा वॉकर मुलाला बैठकीत लोंबकळत ठेवतो. त्याने चालणे लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ साली त्यावर बंदी घातली.

विलंबामागे प्रत्येक वेळी मेंदूचा विकार असतो असे नाही. मुडदूस, थायरॉइडची कमतरता, कुपोषण, दृष्टिदोष हीही कारणे संभवतात. त्यामुळे बालरोगतज्ज्ञाची तपासणी प्रथम व व्यायाम नंतर, हाच क्रम योग्य. तथापि, निदान निश्चित होईपर्यंत उपचार थांबवून ठेवण्याचे कारण नाही. मेंदूची घडण सर्वाधिक लवचीक असते ती याच काळात.

प्रवासाचा प्रश्न

गुंतागुंतीच्या निदानासाठी परळचे वाडिया बालरुग्णालय किंवा हाजी अली येथील १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था गाठावी लागू शकते. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी सेवा डहाणूपर्यंत वाढली असली, तरी उमरोळीहून हा प्रवास सुमारे ९० किलोमीटरचा आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर काम करणाऱ्या पालकाची प्रत्येक फेरीस एक दिवसाची मजुरी बुडते. परिणामी तीन-चार फेऱ्यांनंतर उपचार सुटतो. मोठ्या रुग्णालयात निदान व दर काही महिन्यांनी फेरतपासणी, नियमित मार्गदर्शन पालघर वा बोईसर येथील उपचारकाकडे आणि रोजचा सराव घरी, अशी विभागणी पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून ठरवून घेतल्यास ती निभावता येते. त्या भेटीस जाताना प्रसूतीची कागदपत्रे, माता-बाल संरक्षण कार्ड आणि घरी खेळताना काढलेले मोबाइलवरील चित्रीकरण सोबत न्यावे. परक्या जागी रडणारे बाळ आपल्या हालचाली क्वचितच दाखवते.