डोक्यावरचं छप्पर... तेही चाकांवरचं!

चाकांवरचं घर घेऊन भटकायचं स्वप्न एकदम सही आहे. पण घर म्हटलं की छप्पर आलं आणि छप्पर म्हटलं की गळती आली! सिअ‍ॅटलच्या पावसात आमच्या मोटरहोमच्या फायबरग्लासच्या छपराने आमचा घेतलेला हा क्लास...

रात्रीचे दोन वाजले असतील. बाहेर धो धो पाऊस. मागच्या बेडवरून बाबांचा अगदी शांत आवाज आला, "अगं, जरा उठतेस का? माझ्या उशीवर पाऊस पडतोय."

मला वाटलं स्वप्न बघतेय. लाइट लावला तर काय! छपराच्या व्हेंटच्या चौकटीतून टप्, टप्, टप्. आईने तोपर्यंत पोहे भिजवायचं पातेलं आणून खाली ठेवलंही होतं. सप्टेंबरचा वीकेण्ड. वॉशिंग्टन राज्यातलं ऑलिम्पिक नॅशनल पार्क, पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचं क्लेलॉक कॅम्पग्राउंड. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आलेले. आणि आम्ही दोघं मारे मिरवत त्यांना आमच्या 'पांढऱ्या परी'तून समुद्र दाखवायला घेऊन गेलेलो!

पांढरी परी म्हणजे आमची २५ फुटी मोटरहोम. मी आणि नवरोबा, दोघंही आयटीवाले. घराच्या डाउनपेमेंटसाठी साठवलेल्या पैशांतला मोठा तुकडा मोडून ही बारा वर्षं जुनी गाडी घेतली. किचन, बाथरूम, दोन बेड, सगळं आत. एस.टी.च्या लाल परीवर वाढलेल्या मुलीने पांढऱ्या गाडीला दुसरं काय नाव ठेवायचं? घेताना आम्ही इंजिन बघितलं, टायर बघितले, फ्रीज बघितला. छपरावर चढून कुणी बघितलं नाही. सगळ्यात मोठी चूक ती!

विकूनच टाकू का?

परत आल्यावर गाडी रिपेअर शॉपला नेली. त्यांनी व्हेंटभोवती सीलंटचा नवा थर दिला, बिल दिलं आणि आम्ही खूश. पुढच्या शुक्रवारी पाऊस पडला आणि पातेलं पुन्हा बेडवर! आता ते म्हणाले, अख्खं छप्पर बदलावं लागेल. आकडा ऐकून पोटात गोळा आला. गाडीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मी रक्कम.

त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. नवरा म्हणाला, मिळेल त्या किमतीला विकून टाकू. मी म्हटलं, गळकी गाडी घेणार कोण? "तुलाच हौस होती", "सही तूही केली होतीस" वगैरे सगळे डायलॉग झाले. आणि हे सगळं पलीकडच्या खोलीत आई-बाबांना ऐकू जात होतं.

सकाळी चहा पिताना बाबा एवढंच म्हणाले, "आधी पाणी शिरतं कुठून ते शोधू. विकायचं की नाही, ते मग ठरवा."

बाबा बँकेतून रिटायर झालेले. पण छप्पर या विषयात त्यांचा अनुभव दांडगा! देवरुखजवळच्या आमच्या कौलारू घराची शाकारणी दर मे महिन्यात ते स्वतः उभे राहून करून घ्यायचे. कोथरूडच्या सोसायटीत सेक्रेटरी असताना गच्चीच्या गळतीशी दहा वर्षं झुंजलेले. त्यांचा फण्डा एकच : पाणी जिथे दिसतं, तिथून ते शिरलेलं नसतं.

हे फायबरग्लास असतं तरी काय?

मोटरहोमची छपरं साधारण तीन-चार प्रकारची. काही रबराची, म्हणजे ईपीडीएम नावाच्या शीटची, काही टीपीओ या प्लॅस्टिकची, काही अ‍ॅल्युमिनियमची आणि काही फायबरग्लासची. फायबरग्लास म्हणजे काचेचे बारीक तंतू आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारं रेझिन. आपल्याकडच्या मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या याच जातीच्या. वरचा गुळगुळीत, चकचकीत थर म्हणजे जेलकोट. सगळं ऊन-पाऊस झेलतो तो हाच.

हे छप्पर खरं तर दणकट. रबरासारखं सहज फाटत नाही, नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं टिकतं. पण त्याचे वैरी दोन. पहिलं ऊन. अल्ट्राव्हायोलेट किरणांनी जेलकोट हळूहळू झिजतो आणि त्याची पूड सुटते. हात फिरवला की शाळेतल्या फळ्यावरून फिरवल्यासारखा पांढरा! पावसात हीच पूड ओघळते आणि गाडीच्या अंगावर पांढरे पट्टे उमटतात. आमच्या परीच्या अंगावर ते होते. आम्ही त्याला धूळ समजत होतो!

दुसरा वैरी म्हणजे सांधे. छप्पर एकसंध असलं तरी त्याला भोकं किती! व्हेंट, बाथरूमवरचा स्कायलाइट, टीव्हीचा अँटेना, सांडपाण्याच्या टाक्यांतला वायू बाहेर सोडणारे पाइप, शिडीचे पाय. प्रत्येक भोकाभोवती सीलंट. गाडी रस्त्यावर हादरते, उन्हात तापते, थंडीत आकसते. फायबरग्लास टिकतं, सीलंट मात्र वाळून तडकतं. पाणी आत गेलं की खालच्या प्लायवूडमध्ये मुरतं. लाकूड कुजतं, भिंतींचे थर सुटून फुगे येतात. बाहेरून गाडी झकास आणि आतून पोखरलेली! म्हणून गळतीत एकेक दिवस महाग असतो. त्यात सिअ‍ॅटलला ऑक्टोबर लागला की पावसाचा मुक्काम थेट वसंतापर्यंत. आमच्या हातात जेमतेम तीन आठवडे होते.

"आलं गं बाई, आलं!"

शनिवारी ऊन पडलं आणि बाबांनी सूत्रं हाती घेतली. पहिलाच प्रश्न, "त्या रात्री गाडी उभी कशी होती?" आठवलं, जागा उताराची होती, शेपूट खाली होतं. "मग तशीच उभी करा." पुढच्या चाकांखाली फळ्या सरकवून, मागच्या चाकांना अटकाव लावून गाडी तशीच कलती केली. आतून व्हेंटची प्लॅस्टिकची चौकट चार स्क्रू काढून उतरवली. तिथे आई टॉर्च घेऊन उभी. नवरा बाहेर शिडीवर, हातात बागेचा पाइप. पाणी जोरात मारायचं नाही, नुसतं सोडायचं. आणि सुरुवात सगळ्यात खालून करायची. थेट वर सोडलं तर ते सगळ्यांवरून वाहत येतं आणि चोर कोण ते कळतच नाही.

व्हेंटभोवती पंधरा मिनिटं. आई म्हणाली, "ठणठणीत कोरडं." म्हणजे शॉपने जिथे सीलंट लावलं, तिथे रोग नव्हताच! मग त्याच्या पुढचा पाइप. कोरडं. मग त्याच्याही चार फूट पुढे, अँटेनाचा पाया. चार मिनिटं झाली असतील आणि आतून आरोळी आली, "आलं गं बाई, आलं!" पाणी अँटेनापाशी शिरत होतं, छपराच्या पोटातून उतारावर वाहत होतं आणि व्हेंटच्या भोकाशी येऊन बाबांच्या उशीवर टपकत होतं.

वर कोण चढणार?

आता दुरुस्ती. सगळं वाळू द्यायला आत पंखा आणि डीह्युमिडिफायर लावून चार दिवस थांबलो. पुढच्या शनिवारी बाहेर येऊन बघते तर बाबा शिडीच्या दुसऱ्या पायरीवर!

"बाबा, तुम्ही चढायचं नाही."

"अगं, आयुष्यभर छपरावर चढलोय मी."

"माहितीये. पण आता तुम्ही सत्तरीचे आहात आणि गुडघा दुखतो म्हणून काल जिने चढला नाहीत."

ते काही बोलले नाहीत. खाली उतरले, फोल्डिंगची खुर्ची उघडली आणि गाडीकडे तोंड करून बसले. मला फार वाईट वाटलं. लहानपणी देवरुखला ते वर असायचे आणि मी खाली उभी राहून एकेक कौल वर द्यायचे. मला वर घ्या म्हणून रडायचे, तेव्हा ते म्हणायचे, "पडलीस म्हणजे?" त्या सकाळी तोच प्रश्न मी त्यांना विचारत होते.

मग काय, चढले मीच! आमच्या गाडीला कंपनीचीच शिडी आहे, छप्पर चालण्याजोगं आहे. तरी गुडघ्याखाली प्लायवूडची फळी घेतली, म्हणजे वजन एका जागी पडत नाही. आधी हाताने दाबत दाबत सगळं तपासलं. कुठे मऊ लागलं तर खालचं लाकूड गेलं समजायचं. लागलं नाही. हुश्श!

अँटेनाच्या पायाशी आधीच्या मालकाचा पराक्रम सापडला : सिलिकॉन! आपल्याकडे बाथरूमच्या टाइल्सना लावतात तेच. ते कडेने उचकटलं होतं आणि त्याच्याखालून पाणी जात होतं. सिलिकॉनची खोड अशी, की त्याच्यावर दुसरं काहीही चिकटत नाही. म्हणून कण न् कण काढावा लागला. लोखंडी पातं नाही, कारण जेलकोटवर ओरखडे येतात. प्लॅस्टिकचं स्क्रेपर आणि धीर! दोन तास गेले. खालून बाबांची कॉमेंट्री चालूच. "कोपरा बघ. कोपऱ्यात राहतं." आणि कोपऱ्यात खरंच राहिलेलं असायचं.

मग अल्कोहोलने पुसून आरव्हीसाठीच मिळणारं लॅप सीलंट भरलं. सपाट जागी 'सेल्फ लेव्हलिंग' जातीचं. ते मधासारखं पसरतं आणि आपोआप सपाट होतं. उभ्या किंवा वळणाच्या जागी मात्र न ओघळणारं घ्यावं लागतं, नाहीतर काचेवर उतरलंच म्हणून समजा. बाकीचं तडकलेलं सीलंटही काढून नवं केलं. शॉपच्या बिलाच्या तुलनेत ट्यूबांचा खर्च म्हणजे एका वीकेण्डच्या हॉटेलिंगइतका!

राहिला जेलकोट. सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुतला, कंपाउंड लावून पूड काढली आणि वर बोटींना लावतात ते यूव्ही संरक्षण देणारं मरीन वॅक्स. पण सांभाळून! वॅक्स लावलेलं छप्पर बर्फासारखं निसरडं होतं. म्हणून उतारावर आणि कडांना शिडीवरूनच लावलं आणि मधला चालायचा पट्टा तसाच सोडला. अँटेनाजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या दोन बारीक चिरा होत्या, त्या जेलकोटच्या पेस्टने बुजवल्या. चीर खोल असती, आतले तंतू दिसत असते, तर घासून, काचेचं कापड आणि रेझिन लावावं लागलं असतं. ते काम मास्क आणि हातमोज्यांशिवाय करायचं नाही. काचेची धूळ आणि रेझिनचा वास, दोन्ही वाईट.

संध्याकाळी उतरले तेव्हा कंबरेचे बारा वाजले होते. बाबांनी चहाचा कप पुढे केला. "शाकारणी झाली," एवढंच म्हणाले.

पावसाची परीक्षा

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस सलग पाऊस लागला. आम्ही चौघंही रात्री मुद्दाम परीत झोपलो, पातेलं उशाशी घेऊन! सकाळी पातेलं कोरडं होतं. आईने त्यातच पोहे भिजवले.

सगळंच भरून आलं असं नाही. मागच्या भिंतीवर हाताएवढा एक फुगा आहे. आधीच्या कुठल्यातरी गळतीत थर सुटलाय, तो परत चिकटणार नाही. विकायला काढली तर त्याचे पैसे कापले जातील. पण विकायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे तुमच्यापैकी कुणीतरी उद्या चाकांवरचं घर भाड्याने नाहीतर विकत घेणारच. घ्या, नक्की घ्या! फक्त इंजिनच्या आधी शिडी लावून वर बघा. आपल्याकडचा पाऊस सिअ‍ॅटलसारखा रिमझिम नाही, तो थेट हिशेबच करतो.

आई-बाबा परत गेले त्याला आता दोन वर्षं झाली. मी दर एप्रिलला आणि दर सप्टेंबरला वर चढते, सांध्यांवरून हात फिरवते. बाबांचा फोन येतो. "कशी आहेस?" हा त्यांचा दुसरा प्रश्न असतो. पहिला ठरलेला, "छप्पर बघितलंस का?"

छपराची शाकारणी : लक्षात ठेवा

• वर्षातून किमान दोनदा सगळे सांधे तपासा. लांबच्या ट्रिपनंतर पुन्हा एकदा.

• ओल्या छपरावर चढू नका आणि एकट्याने तर मुळीच नाही. शिडी धरायला खाली कुणीतरी हवंच.

• धुताना आधी गाडीच्या भिंती ओल्या करा, म्हणजे छपरावरची घाण त्यांच्यावर वाळून पट्टे उमटत नाहीत.

• सिलिकॉन नको. आपल्या छपराच्या प्रकाराला चालणारं सीलंटच घ्या.

• छपरावरच्या एसीभोवती सीलंट थापू नका. त्याच्याखाली फोमची गॅस्केट असते. ती दबली असेल तर आतून बोल्ट बेताने आवळा, नाहीतर गॅस्केट बदला.

• झाडाखाली पार्किंग टाळा. चीक, पानं, शेवाळ आणि फांद्यांचे ओरखडे, सगळं जेलकोटच्या मुळावर येतं.

• झाकायचं तर हवा खेळती राहील असं कव्हर घ्या. साधी ताडपत्री वाऱ्याने फडफडून घासते आणि आत ओल कोंडते.

• गाडी उभी करताना किंचित कलती ठेवा, म्हणजे छपरावर पाणी साचत नाही.